वऱ्हाडातील एकट्या मातांच्या कामाचा प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या अमरावती-अकोल्याकडील शेतकऱ्यांत एकच गाऱ्हाणे ऐकू येते, ते म्हणजे वेचणीस बाई मिळत नाही. कापूस फुटून बोंडाबाहेर लोंबतो, अवकाळीचे ढग येतात, किलोचा दर दोन रुपयांनी चढवावा लागतो, परगावाहून गाडी भरून मजूर आणावे लागतात, आणि तरीही शेवटचा वेचा पऱ्हाटीवरच राहतो. हे गाऱ्हाणे खोटे नाही. परंतु त्याच गावात, त्याच आठवड्यात, घरधनी गेलेली व दोन-तीन लेकरे पदरी असलेली बाई काम मिळत नाही म्हणून सांगते, तेही खोटे नाही. एकाच गावी धन्यास मजूर मिळू नये व मजुरास काम मिळू नये हे कसे, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आलो आहे. त्यातून जे काही उमगले ते वाचक शेतकरी बंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकटी माता म्हणजे केवळ विधवा असे मी समजत नाही. नवऱ्याने टाकलेली, नवरा सुरतेस कामावर गेला तो परत न आलेली, अशाही बाया तीत येतात. आपल्या भागात विधवांचा प्रश्न एवढा तीव्र का झाला हे वाचकांस सांगावयास नको. १ जुलै २००६ रोजी तेव्हाचे प्रधानमंत्री मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांकरिता ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळेच. तीत व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे होते, जोडधंदा म्हणून दुभती जनावरेही होती. ज्या घरी स्वतःपुरते पाणी नाही त्या घरी संकरित गाय बांधली म्हणजे दूध कोणाचे आटते, हे ज्यांनी पाहिले त्यांस ठाऊक आहे. राज्य शासनाकडून पात्र ठरलेल्या कुटुंबास एक लाख रुपयांची मदत मिळू लागली. त्यातील ३०,००० हाती व ७०,००० ठेवीत. ती मदत नको होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एक लाख रुपये म्हणजे उपजीविका नव्हे. तेराव्यानंतर पाहुणे परत गेले की बाईपुढे उभा राहतो तो प्रश्न कामाचा.

प्रथम मजुरीचीच गोष्ट घेऊ. पूर्वी निंदणास, वेचणीस, सोंगणीस बाईला एकटीस बोलावणे जात असे व संध्याकाळी तिचा रोज तिच्या हाती पडत असे. अलीकडे पुष्कळ काम गुत्त्याने जाते. सोयाबीनची सोंगणी एकराच्या भावाने ठरते, आणि गुत्ता घेणारा आपल्या टोळीत जोडी पाहतो. नवरा-बायको मिळून दिवसाचे अमुक इतके उरकतील असा त्याचा अंदाज असतो. मराठवाड्यातील ऊसतोडीत तर जोडप्यासच ‘एक कोयता’ म्हणतात व उचल त्या कोयत्यावर मिळते. एकटी बाई तेथे अर्धा कोयता ठरते. आपल्याकडे हा शब्द नाही, पण रीत तीच येत चालली आहे. भरीस तणनाशकाने निंदणाचे दिवस कमी केले, आणि सोयाबीनच्या शेतात कापणी-मळणीचे यंत्र शिरले. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या सोयीच्या आहेत व मीही त्या वापरतो. मात्र निंदण हे जवळजवळ सर्वस्वी बायकांचे काम होते. जे दिवस गेले ते त्यांचेच गेले, हे नमूद केले पाहिजे. त्यातून पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात विहिरीचे पाणी ओलितास चालत नाही. हरभरा निघाला की तेथे शेतात हातास काम उरत नाही. पुरुष पुण्याकडे नाही तर सुरतेकडे जातो. लहान लेकरे असलेली बाई कोठे जाणार?

उरली वेचणी. वेचणीस मजूर हवा हे आपण ओरडून सांगतो. मग ही बाई का येत नाही? ती येते, पण आपल्या वेळेस येऊ शकत नाही. वेचणीची गाडी सकाळी सातास निघते. अंगणवाडी त्यानंतर उघडते व दुपारीच सुटते. वेचणी सुटते ती सूर्य कलल्यावर. मधले तास लेकरू कोणी पाहावे? सासू असेल तर ती पाहते, नसेल तर मोठी मुलगी शाळा बुडवून पाहते, आणि मोठी मुलगीही नसेल तर लेकरू शेतात येते. मागील हंगामात आमच्या शेतात किलोस दहा रुपये दर होता. चांगल्या फुटलेल्या कापसात तरबेज बाई दिवसास चाळीस किलोपर्यंत वेचते. तीच बाई तीन वर्षांचे पोर घेऊन आली तर वजन पंचवीसवर येते, कारण पोर रडले की तास सोडून धुऱ्यावर यावे लागते. म्हणजे दर सर्वांस सारखा असूनही हिची मजुरी दीडशे रुपयांनी कमी. आणि धुरा ही लेकरू ठेवण्याची जागा तरी आहे काय? विंचू-काट्याचे सोडून द्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विष अंगात जाऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच जातीच्या औषधांचे रिकामे डबे आपण बाभळीच्या बुडाशी टाकून ठेवतो, आणि त्याच बाभळीस ही बाई झोळी बांधते.

सरकारी कामावर याची तरतूद कायद्यात केली गेली होती. रोजगार हमी ही तर महाराष्ट्राचीच कल्पना, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली व १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने असे घातले की, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांस सांभाळण्यास एका बाईस मजुरी देऊन नेमावे. प्रत्यक्षात अशी नेमणूक मी आमच्या शिवारात कधी पाहिली नाही. पण सरकारास नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या शेताकडे पाहावे हे बरे. वीस बाया वेचणीस आणणाऱ्या शेतकऱ्याने एकविसावी बाई लेकरांसाठी बसविली तर तिचा रोज वीस जणींच्या वाढलेल्या वजनातून निघतो की नाही, हा हिशेब आपण कोणी करून पाहिला आहे? मी केला तो बराच उशिरा, आणि कसा केला ते सांगणे जरा लाजिरवाणे आहे.

आमचे शेत अकोट तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे आहे. तेथे दहा-बारा वर्षे वेचणीस येणारी एक बाई होती. तिचा नवरा आजाराने गेला. मागे एक मुलगा, एक मुलगी. काही वर्षांपूर्वी गुढीपाडव्याच्या आधी मी सालदार ठरवीत होतो, तेव्हा ती ओसरीशी येऊन म्हणाली, “काकाजी, औंदा मले सालानं ठेवा.” मला हसू आले. “बाईमानूस कोठी सालानं रायते व?” असे मी म्हणालो. तिने पदर सावरला व म्हणाली, “पोट तं सालभर लागते, काकाजी.” मी विषय टाळला. त्या वर्षी जो गडी लावला त्याने उचल घेतली व श्रावणात तो जो गेला तो गेलाच; पण मी बाईस बोलावणे धाडले नाही, कारण सालदार म्हणजे पुरुष हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले होते.

साल म्हणजे काय हे शेतकऱ्यास सांगावयास नको, पण ते बाईच्या बाजूने पाहावे. सालदारास उचल मिळते, महिन्याचे दाणे ठरलेले असतात, पावसाने आठ दिवस काम बंद राहिले तरी त्याचे साल तुटत नाही. त्याच्या भरवशावर दुकानदार उधार देतो. रोजाने जाणाऱ्या बाईस दुकानदार उधार देत नाही; तिला गटाच्या नाही तर खाजगी पतसंस्थेच्या दारी जावे लागते, व तेथला हप्ता आठवड्याचा असतो, मग त्या आठवड्यात काम लागो न लागो. शेतीत वर्षभराच्या निर्वाहाची खात्री देणारी चाकरी ही एकच, आणि ती बाईकरिता नाही. स्त्री-पुरुषांस सारख्या कामास सारखे वेतन द्यावे असा कायदा १९७६ साली झाला. पण तो कायदा वेतनाचा. चाकरीच दिली नाही तर वेतनाचा प्रश्न येतोच कोठे?

यावर एक आक्षेप येतो तो खोटा नव्हे. ओलिताची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्री बारास मोटर चालू करण्यास बाईने एकटीने मळ्यात जावे असे मीही म्हणणार नाही. शेतपंपास दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली. ती आली म्हणजे सोय होते असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या झोपेचा विचार करतो. तिने बाईसाठी एका चाकरीचे दार उघडते, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता जमिनीकडे येऊ. कारण पुष्कळ विधवा भूमिहीन नाहीत. त्यांच्या घरी दोन-चार एकर असते, पण ती कसणारी बाई कागदावर शेतकरी नसते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ व मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी शेकडा ४० जणींच्या नावे, त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती, व राहते घर नावे झालेल्या शेकडा ३५ च होत्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, विम्याची भरपाई दुसऱ्याच्या खात्यात, आणि कापूस हमीभावाने विकावयाचा तर खरेदी केंद्रावर सातबारा व त्यावरील पिकाची नोंद मागतात. मग ही बाई आपला कापूस दिराच्या नावे घालते, आणि पैसे दिराच्या हातून, दिराच्या सवडीने घेते. स्वतःच्या शेतात राबूनही ती अशा रीतीने घरचीच बिनपगारी मजूर होते.

कायदा तिच्या बाजूचा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली व आई हे सारख्या हिश्श्याचे वारस आहेत. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, द्यावयाची असते. फेरफार लिहिला जातो, नोटीस लागते, पंधरा दिवस हरकतीस देतात, व मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिली अडचण अशी की, पुष्कळ घरी जमीन मयताच्या नावे नसून त्याच्या बापाच्या नावे असते. मुलगा गेला, सासरा हयात आहे, मग फेरफार कशाचा? सासऱ्याने वाटणी करून द्यावी तरच नाव लागणार; आणि वाटणी मागणारी सून म्हणजे घर फोडणारी सून, असा गावचा न्याय. दुसरी अडचण लहान लेकरांची. त्यांची नावे सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, अशी लागतात. अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून गहाण टाकता येत नाही, असा १९५६ चाच दुसरा कायदा आहे. तो लेकरांच्या रक्षणाकरिता आहे व योग्य आहे. परंतु त्यामुळे कर्ज देणारा कचरतो, आणि धाकटे लेकरू अठराचे होईतो बाईची शेती उसनवारीवर चालते.

आणखी एक समजूत गावोगाव आढळते की, विधवेने पुन्हा घरोबा केला तर पतीकडून आलेला हिस्सा जातो. एके काळी, १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याखाली, तो जात असे. आज जात नाही. एकदा तिच्याकडे आला तो तिचा. ज्या दिरास वहिनीच्या पुनर्विवाहाचा एकाएकी पुळका येतो त्याने हे लक्षात ठेवावे. वास्तविक कुणबी-माळ्यांत पाटाची चाल पूर्वापार होती. प्रतिष्ठेच्या नादाने पुष्कळ घरांनी ती टाकली, आणि जी सोय आपल्या आज्यांस होती ती नातींस राहिली नाही.

शेतकऱ्यांनीच या प्रश्नास एकदा हात घातला होता, त्याचे स्मरण येथे करणे अवश्य आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरविले, व पुढे काही वर्षांत शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला. नवऱ्याने आपल्या खुशीने काही जमीन बायकोच्या नावे करावी, व ज्या गावी शंभर जणींच्या नावे जमीन होईल त्या गावी सत्कारास आपण स्वतः जावे, असा तो प्रकार होता. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे गाव त्यात गाजले. शासनानेही १९९२ साली परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट करून दिली. संघटनेच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो. नवरा जिवंत असताना बायकोचे नाव लावले, तर तो गेल्यावर तिला दिराच्या दारी कागदासाठी उभे राहावे लागत नाही. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजविल्या व घरी येऊन अर्ज केला नाही, त्यांत मीही एक होतो. आमच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लागले ते फार पुढे.

शेतात नाही तर शहरात काम पाहावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पुण्यास धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन चालविले, व अशा संस्थांतून शिक्षिका व परिचारिका होऊन कित्येक विधवा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पण त्या बहुधा पांढरपेशा घरांतल्या. त्यांस काम करू द्यावे की नाही हाच तेथे प्रश्न होता. शेतकऱ्याच्या घरची विधवा काम करीतच होती. तिचा प्रश्न त्या कामास दाम व नाव मिळण्याचा होता, व तो तसाच राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली व शेतकऱ्यांच्या मुलांस शाळा दारापाशी आली. त्यामुळे आजची तरुण विधवा बहुधा आठवी-दहावी शिकलेली असते. परंतु २०२३ पासून अंगणवाडीच्या सेविकेस बारावी उत्तीर्ण असावे लागते. विधवेस वयात चाळीसपर्यंत सवलत आहे ही चांगली गोष्ट. पण उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी. नाव सासरच्या गावी, राहणे माहेरी, अशी बाई कोठली रहिवासी? आणि जागा तरी गावास एक-दोन.

अमरावतीजवळ नांदगाव पेठेस कापडाचे कारखाने आहेत, व त्याच बाजूस व्हावयाच्या मोठ्या वस्त्रोद्यानाची कोनशिला प्रधानमंत्र्यांच्या हस्ते २० सप्टेंबर २०२४ रोजी बसली. आपला कापूस तिकडे जाईल, मग आपल्या लेकी-सुनाही जातील, अशी आशा करण्यास हरकत नाही. मार्च २०२३ पासून एस. टी. बसमध्ये बायकांस अर्धे तिकीट आहे, म्हणजे भाड्याचाही मोठा अडथळा राहिला नाही. अडथळा आहे तो वेळेचा. माझी भाची नवऱ्याने टाकलेली, पाच वर्षांची मुलगी घेऊन माहेरी राहते. शिवणकाम उत्तम जाणते. एका कारखान्यात ती कामाकरिता गेली तेव्हा तिच्या हातचे काम पाहण्यापूर्वीच तिला विचारण्यात आले की, मूल आजारी पडले तर कोण पाहील? पुरुष उमेदवारास हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिने आई पाहील म्हणून सांगितले व काम लागले. पण दुसऱ्या पाळीची सुटी होईतो गावची शेवटची बस निघून जाई. महिन्याभरात ते सुटले. शहरात खोली पाहिली तर घरमालकाने, ‘यजमान कोठे असतात?’ असे विचारून कुलूप लावले. पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर असावे असा २०१७ चा कायदा आहे. पण पाळणाघर दिवसाचे. बस चुकलेल्या बाईस त्याचा काय उपयोग?

टाकलेल्या बाईची स्थिती विधवेहून एका परीने अधिक बिकट, कारण तिच्यापाशी मृत्यूचा दाखला नसतो. शिधापत्रिकेवर नाव सासरी, तेथून कमी करावयास नवऱ्याची नाही तर सासऱ्याची सही हवी, व तो ती देत नाही. पोटगीचा हक्क पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली होता, तो १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १४४ व्या कलमाखाली आहे. पण तारखेस अमरावतीस जावयाचे म्हणजे रोज बुडवावयाचा. अशा चार तारखा पडल्या की मुकादम दुसरी बाई बघतो.

आता निराधारांच्या मदतीविषयी थोडेसे, कारण बायकांस फुकट पैसे मिळतात म्हणून त्या कामास येत नाहीत असे पारावर नेहमी ऐकू येते. संजय गांधी निराधार योजनेत २०२३ पासून विधवेस व परित्यक्तेस महिना १,५०० रुपये मिळू लागले. परंतु तीत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिलेली आहे. तीनशे रुपये रोज धरला तर सत्तर दिवसांत हा आकडा पुरा होतो. म्हणजे जी बाई वर्षांतून एकाहत्तरावा दिवस काम करील व खरे सांगेल, तिची मदत बंद व्हावी असा हा हिशेब. मग ती एकतर कमी काम करते किंवा खोटा दाखला काढते. पहिलीस आपण आळशी म्हणतो, दुसरीस लबाड. सत्तर दिवसांच्या मजुरीवर व महिना दीड हजारावर दोन लेकरे कशी वाढतात, हे पारावर बोलणाऱ्याने एकदा वही घेऊन मांडून पाहावे.

उपाय सांगण्याचा अधिकार मला आहे असे नाही, पण जे आपल्या हातचे आहे तेवढे बोलतो. गावात कोणी गेला की तेराव्यापर्यंत आपण रोज त्या घरी जाऊन बसतो. त्या बसण्यातच जाणत्या माणसाने वारसाचा अर्ज लिहून द्यावा. तीन महिन्यांची मुदत शोकात निघून जाते, आणि नंतर नावे लावण्याची इच्छा कोणास उरत नाही. गुत्ता देताना दोन-तीन एकट्या बायांस टोळीत घ्यावे अशी अट धन्याने घातली तर मुकादम ती मोडीत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यास आपले काम हवे असते. वेचणीस येणाऱ्या एकट्या बाईस गाडीच्या वेळेचा हट्ट धरू नये; कापूस किलोवर आहे, ती नवास आली तर आपले जाते काय? उलट दव उडाल्यावर वेचलेला कापूस कोरडा येतो व त्यास बरा भाव मिळतो, हे आपणच एकमेकांस सांगत असतो.

लेकरांच्या सांभाळाचा प्रयोग मी दोन हंगाम केला. गावातील एक म्हातारी, जिला वाकून वेचणे होत नव्हते, तिला अडीचशे रुपये रोज ठरवून आमच्या शेतातील घरात बसविले. पहिल्या दिवशी चार लेकरे आली, आठवड्याने नऊ झाली. त्यांत दोन बाया अशा होत्या की ज्या त्यापूर्वी आमच्याकडे वेचणीस येतच नसत. त्या वर्षी कापूस संक्रांतीपूर्वी निघाला व गाडीभाडे वाचले. मी यात धर्म केला असे म्हणवत नाही. वहीत नफ्याच्या बाजूसच ते दिसते.

आणि सालाची गोष्ट अशी झाली की, दुसराही गडी अर्ध्यातून गेल्यावर मी त्या बाईस निरोप धाडला. तिने लगेच होकार दिला नाही. रात्रीचे ओलीत करणार नाही, ते तुमच्या मुलाने करावे. साल गड्याच्या बरोबरीने असावे. मुलीच्या शाळेच्या सभेस सुटी असावी, असे तिने ठरवून घेतले. मी साल थोडे कमी करू पाहिले, ते तिने मानले नाही. घरातून सल्ला आला की देऊन टाका, म्हणून दिले. पहिल्या वर्षी लोक हसले. तिफण व वखर तिने हाती घेतला नाही, ते काम आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरवर करवून घेतले. पण टोबणीपासून वेचणीच्या वजनापर्यंत सर्व तिने पाहिले, आणि कापसाच्या मापात जी घट दर वर्षी येत असे ती आली नाही. त्यानंतर आमच्या शेजारच्या गावी एका शेतकऱ्याने बाई सालाने लावल्याचे ऐकतो.

येत्या पाडव्यास तिने साल वाढवून मागितले आहे. आकडा अजून ठरावयाचा आहे.